सतरा नंबरचा थकवा

१

माणूस किती थकलाय हे मोजायच्या आमच्याकडं तीन तऱ्हा होत्या.

पहिली कागदाची. एक ते सात आकडे. एक म्हणजे ताजातवाना, सात म्हणजे आता उभंही राहवत नाही. कामगारानं स्वतः खूण करायची. दुसरी बोटाची. समोरच्या खोक्यावर तांबडा दिवा लागला की बटण दाबायचं. किती उशीर झाला ते यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपायचं. तिसरी कपाळाची. रबरी पट्टी, आतून चार चकत्या, आणि मेंदूतल्या लहरी माझ्या लॅपटॉपवर. दिव्याची चाचणी चालू असताना ही पट्टी बांधलेलीच असायची. या तिन्हींतलं कुठलं मोजमाप भरवशाचं, एवढंच आमच्या अभ्यासाला शोधायचं होतं.

मी सांगलीची, चंदनबाला मगदूम. मानसशास्त्राच्या विभागात संशोधन सहायक. त्या हंगामात सोमवार ते शुक्रवार रहिमतपूरच्या अलीकडच्या एका साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर राहायचे आणि शनिवारी पॅसेंजरनं घरी जायचे. बॉयलर, मिल, टर्बाइन अशा वेगवेगळ्या पॅनेलवर आठ-आठ तास पडद्यांकडं बघत बसणारे चोवीस जण मला मोजायचे होते, पाळीच्या आधी आणि नंतर.

जागा मिळाली होती प्रथमोपचाराच्या खोलीत. खिडकीच्या काचांना हिरवा रंग मारलेला, त्यामुळं भर दुपारीही आत तळ्याखाली बसल्यासारखं वाटायचं. पंखा प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् करायचा. गाळपाची घरघर जमिनीतून यायची, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी सारखं थरथरत असायचं.

कामगारांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझाही त्यांच्यावर नव्हता. कारखान्यानं परवानगी देताना एक अट घातली होती: शेवटी पॅनेलवर बसायला कोण फिट, कोण अनफिट, ही यादी द्यायची. त्यामुळं सगळे कागदावर दोन नाहीतर तीनवर खूण करायचे, आणि बोट मात्र पाच-सहा सांगायचं. खोटं पकडणं हेच माझं काम झालं होतं.

सतरा नंबरचा माणूस आला तो दुपारच्या पाळीआधी. दादासो निकम, वय छत्तीस, रहिमतपूरचाच. केस ओले करून नीट विंचरलेले. त्यानं कागदावर एकवर खूण केली.

"एक?" मी म्हटलं. "खरं सांगा हं. याचा पगाराशी काही संबंध नाही."

"खरंच सांगतोय मॅडम. मी दमत न्हाई."

मी पट्टी बांधली. तो खोक्याकडं बघत बसला. दिवा लागला, बटण दाबलं गेलं. सेकंदाचा पाव भाग. पुन्हा तेवढाच. पुन्हा तेवढाच. फार चांगलं बोट होतं.

मग मी लॅपटॉपकडं पाहिलं. पडद्यावर मोठ्या, संथ लाटा एकामागून एक सरकत होत्या. असला आलेख मी विभागात शेकडो वेळा पाहिला होता. तो गाढ झोपेचा असतो. इतक्या गाढ झोपेचा, की त्या माणसाला हलवून उठवलं तरी मिनिटभर आपण कुठं आहोत ते कळू नये.

समोर दादासो निकम डोळे उघडे ठेवून बटण दाबत होता.

"काय दिसतं त्यात?" त्यानं विचारलं. नजर खोक्यावरून हलवली नव्हती. "आतलं दिसतं का?"

२

घाम आला की चकत्या सरकतात आणि खोट्या लाटा उमटतात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी त्याचं कपाळ स्पिरिटनं पुसलं. कोरडं ठणठणीत होतं. पट्टी बदलली. लाटा तशाच. मग पट्टी काढून स्वतःच्या डोक्याला बांधली. लगेच माझ्या जाग्या मेंदूची बारीक, किचकट रेघ पडद्यावर आली. परत त्याला बांधली. परत लाटा.

त्या दिवसापासून दहा दिवसांत मी त्याला आठ वेळा मोजलं. पाळीआधी, पाळीनंतर. बाकीच्या तेवीस जणांचं बोट पाळीनंतर सुस्तावायचं, रेघ बदलायची. दादासोचं काही बदलायचं नाही. कागदावर एक. बोट पाव सेकंद. कपाळ गाढ झोपेत.

काहीतरी बनवाबनवी आहे असं मी धरून चालले. कानामागं काही चिकटवलंय का, खिशात काही उपकरण आहे का, हे बोलता बोलता पाहून घेतलं. काही नव्हतं. आणि असतं तरी माणूस जागा असल्याचं सोंग करेल. मेंदू झोपल्याचं सोंग कुणी कशाला करेल?

मी रामगोंडा सरांना फोन केला. ते आमचे विभागप्रमुख. आधी हसले, मग मी पाठवलेले आलेख त्यांनी उघडले असावेत, कारण हसणं थांबलं.

"आठही वेळा हेच?"

"हेच."

"मग मोजमाप भरवशाचं आहे, चंदन. पुन्हा पुन्हा घेतलं आणि तेच आलं की भरवशाचं. ते खरं आहे का, हा निराळा प्रश्न."

"पण सर, झोपलेला माणूस बटण कसं दाबेल?"

"नाही दाबणार," ते म्हणाले. "त्याला वगळून टाक. चोवीसांत एखादा असा निघतोच."

मला वगळायचं नव्हतं. खरं म्हणजे मला त्याला पकडायचं होतं.

३

पॅनेल रूममध्ये जायला मला परवानगी होती. काचेची भिंत, पलीकडं बॉयलर, अलीकडं सहा पडदे आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर बाळासो, पन्नाशीचा, सगळ्यांत जुना ऑपरेटर. दुसरीवर दादासो. मी मागच्या बाकावर बसून सकाळच्या पाळीतले तीन तास काढले.

त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. बॉयलरच्या ड्रममधलं पाणी जरा खाली आलं, की आकडा तांबडा व्हायच्या आत त्याचा हात पोचलेला असायचा. बाळासो मधेच मान वळवायचा, डोळे चोळायचा, तंबाखू मळायचा. दादासोची पाठ खुर्चीला टेकलेलीच नव्हती.

चहाला बाळासो बाहेर आला तेव्हा मी त्याला गाठलं. "दादासो पहिल्यापासून असेच आहेत का?"

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "यादीत त्याचं नाव घालनार हाय का तुमी?"

"तसं नाही. एवढं आठ तास एकसारखं कुणाला जमत नाही, म्हणून विचारलं."

"गेल्या हंगामात लय बेकार झालाता त्यो. आता सुदारलाय." बाळासोनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "चांगलंच हाय की. माज्या पाळीला त्यो असला की मला घोर नसतो."

"मग तुम्ही त्यांच्याकडं सारखं वळून का बघता?"

त्यानं चहा संपवला. कप ठेवून आत गेला. जाताना पुटपुटला, "जांबई द्या एकदा त्याच्यासमोर."

मी दिली. मुद्दाम, मोठी. बाळासोला लगेच जांभई आली, दाराशी उभ्या असलेल्या फिटरलाही आली. दादासोनं मान वळवली आणि माझ्या तोंडाकडं ती संपेपर्यंत पाहिलं; नवखा माणूस गाठ कशी मारतात ते पाहतो तसं. मग तो पडद्याकडं वळला. काचेत त्याचं प्रतिबिंब मला दिसत होतं. थोड्या वेळानं त्यानं हळूहळू तोंड उघडलं, मोजून तेवढंच, आणि मिटलं.

४

त्याच आठवड्यात मी त्याला लांब चाचणीला बसवलं. चाळीस मिनिटं. दिवे मुद्दाम विरळ, कंटाळा आणणारे. भलेभले पंचविसाव्या मिनिटाला चुकायला लागतात. वेळ पाळी सुटल्यावरची, दुपारचे सव्वादोन.

पंखा टक् टक् करत होता. बटणाचा आवाज येत होता. तेहतिसाव्या मिनिटाला बटणाचा आवाज आला नाही.

दिवा लागला होता. त्याचं बोट बटणावर होतं. दाबलं गेलं नव्हतं.

पडद्यावरच्या लाटा मोडत होत्या. त्यांच्या जागी बारीक, किचकट रेघ उमटत होती. जाग्या माणसाची. मी वर पाहिलं. त्याची पाठ वाकली होती, खांदे खाली आले होते, चेहरा एका क्षणात दहा वर्षांनी उतरला होता. तो खोलीभर नजर फिरवत होता. हिरव्या काचा, स्ट्रेचर, मी. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

"बाई," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, खूप दिवस न वापरलेला. "साक्षी कितवीत हाय आता?"

मी लॅपटॉपकडं पाहिलं; बारीक रेघ अजून चालू होती.

त्याच्या पापण्या जड झाल्या. मान खाली गेली, आणि छातीला टेकायच्या आत पुन्हा वर आली, सरळ, ताठ. दिवा लागला. बटण दाबलं गेलं. पाव सेकंद.

सगळं मिळून अकरा सेकंद. आलेखावर तेवढीच जागा वेगळी दिसत होती.

"मघाशी काय म्हणालात?" चाचणी संपल्यावर मी विचारलं.

"कवा?" दादासोनं पट्टी काढून माझ्या हातात दिली. "मी कुटं काय बोललो?"

५

आमच्या अभ्यासात घरच्यांसाठी एक फॉर्म होता, झोपेबद्दलचा. तो आतापर्यंत कुणाकडूनच भरून घेतला नव्हता. शुक्रवारी सकाळी, दादासो पाळीवर असताना, मी तो घेऊन रहिमतपूरला त्याच्या घरी गेले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. दारातच शिलाई मशीन, आणि मशीनवर त्याची बायको, क्रांती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. मुलगी शाळेत गेली होती.

"झोपतात किती तास?" मी फॉर्म उघडला.

"आडवा हुतो," ती म्हणाली. "डोळं मिटतो. झोपतो का ते न्हाई मला सांगता यायचं."

"गेल्या हंगामात फार त्रास झाला म्हणे त्यांना."

मशीन चालू होतं. ती कापडाकडं बघत बोलायला लागली.

"बॉयलरचे दोन ऑपरेटर सोडून गेले. ह्ये आन बाळासो भाऊ, दोगंच उरले. बारा तास, कवा सोळा. पॅनेल सोडून उटता येत न्हाई की. घरी आले की भिताडाकडं बगत बसायचे. एकदा साक्षी समोर हुबी, आन ह्यांना तिचं नाव आटवंना. सवताच्या पोरीचं नाव, ताई. लय रडले."

"मग?"

"मग एक दिस दुपारचे आले, हितं उंबऱ्यावर बसले. म्हनाले, आता कुनीबी येऊ दे आन माज्या जागी बसू दे. माज्यानं न्हाई हुत. तासभर तसेच बसले. मी चार येळा हाक मारली. मग उटला, हातपाय धुऊन आला आन जेवला. तवापास्नं दमला न्हाई."

मी लिहिता लिहिता थांबले. नवऱ्याला ती 'ह्ये' म्हणत होती, 'आले', 'बसले', 'म्हनाले'. आणि मधेच 'उटला', 'जेवला'. मला आधी वाटलं होतं, बोलण्याच्या ओघात होत असेल. आता कळलं की उंबऱ्याआधीच्याला 'ह्ये' आणि नंतरच्याला 'त्यो', यात ती एकदाही चुकली नव्हती.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? नवरा दमत न्हाई म्हनून?" तिनं दोरा तोडला. "वाईट वागत न्हाई. पानी भरतो. पोरीची येनी घालतो, ह्यांना कवा येत नव्हती घालाय."

"साक्षीला काही कळलंय?"

"ती त्याला पप्पा म्हनत न्हाई. बोलवायचं आसलं की जवळ जाऊन हात लावती."

मला गप्प बसायला हवं होतं. पण मी तिला त्या अकरा सेकंदांबद्दल सांगितलं. त्यानं काय विचारलं तेही.

मशीन थांबलं. तिनं दोन्ही हात कापडावर ठेवले.

"म्हंजी हायेत तर," ती म्हणाली.

"लांब चाचणी घेतली की लाटा मोडतात. मी प्रयत्न केला तर कदाचित..."

"नगा उटवू, ताई."

"का?"

"उटले की परत त्या पॅनेलवर बसाय लागंल."

६

शेवटचं मोजमाप पुढच्या शुक्रवारी होतं. यादी त्याच दिवशी संध्याकाळी ऑफिसात द्यायची होती. तेवीस नावांपुढं मी लिहून टाकलं होतं. सतरा नंबरपुढची जागा कोरी होती.

ती जागा भरणं काही कागदी काम नव्हतं. बॉयलरमध्ये तासाला शंभरेक टन वाफ तयार होते आणि त्याच्या आसपास साठ-सत्तर माणसं वावरत असतात. कपाळाचं खरं मानलं, तर तिथं झोपलेला माणूस बसवणं हा गुन्हा होता. बोटाचं खरं मानलं, तर त्याच्याइतका सुरक्षित माणूस अख्ख्या कारखान्यात नव्हता. आणि अनफिट लिहिलं तर त्याची नोकरी जाणार, ती नेमकी कुणाची जाणार, हे मला सांगता आलं नसतं.

तो वेळेवर आला. पट्टी त्यानं स्वतःच बांधली. मी मागच्या आठवड्याचीच चाळीस मिनिटांची चाचणी लावली.

दहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "घरी गेलता तुमी."

"फॉर्म भरायचा होता."

"व्हय. क्रांती बोलली." बटण. "मॅडम, त्याला झोपू द्या. लय दमलाय."

पेल्यातलं पाणी थरथरत होतं. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "कोण?"

त्यानं पहिल्यांदाच खोक्यावरची नजर काढून माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. धमकी नव्हती. समजुतीनं सांगावं तसा तो बोलला.

"दादासो."

बोट तिकडं न बघताच बटण दाबत होतं.

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. पण माझ्या आधीच दार उघडलं. क्रांती होती. तिच्यामागं शाळेच्या कपड्यांतली सात वर्षांची मुलगी, दोन घट्ट, एकसारख्या वेण्या घातलेली. उशिरानं ठरवून धावतपळत आल्यासारखी क्रांतीला धाप लागली होती.

"ह्यांना एकदाच बगू द्या ताई," ती म्हणाली. "फकस्त एकदा."

तो तिच्याकडं बघत होता. "क्रांती, घरी जा," तो शांतपणे म्हणाला. "पोरीचं जेवान झालं नसंल."

क्रांतीनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं खुर्चीतल्या माणसाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्यासारखंच, संशयानं. मग हळू आवाजात म्हणाली, "पप्पा?"

दिवा लागला. कुणी बटण दाबलं नाही.

मी लॅपटॉपकडं पाहिलं नाही. गरज नव्हती. त्याची पाठ खचली, आणि तो जो ओला, उतरलेला चेहरा वर आला तो ओळखायला क्रांतीला क्षणही लागला नाही. ती गुडघ्यांवर बसली. त्यानं मुलीच्या दिशेनं हात उचलायचा प्रयत्न केला, तो टेबलाच्या वर फारसा गेला नाही.

"लय मोटी झाली गं," तो म्हणाला.

"दुसरीत हाय," क्रांती म्हणाली. "आवं, दुसरीत गेली ती. पयला नंबर आला."

"आसं व्हय." तो हसला असावा. पापण्या मिटायला लागल्या होत्या. मी त्याचा खांदा धरला. खरं सांगायचं तर मी त्याला हलवलं, जोरात.

"निकम, झोपू नका. इकडं बघा. दादासो!"

त्यानं डोळे किलकिले केले. पण माझ्याकडं नाही, बायकोकडं पाहिलं. "क्रांते," तो म्हणाला, "अजून जरा पडू दे गं मला. उटतो मी. जरा पडू दे."

क्रांतीनं माझा हात त्याच्या खांद्यावरून बाजूला केला.

"पडा," ती म्हणाली. "पडा तुमी."

मान खाली गेली आणि सरळ झाली. दिवा लागला, बटण दाबलं गेलं. त्यानं हाताच्या मागल्या बाजूनं गाल पुसले आणि ओल्या बोटांकडं किंचित कुतूहलानं पाहिलं. मुलगी चौकट सोडून आईच्या मागं सरकली.

"झालं का मॅडम?" त्यानं विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

यादी टेबलावर उघडी होती. क्रांती ती बघत होती. तिला वाचता येत होतं. तिनं विनवलं नाही. मी पेन घेतलं आणि सतरा नंबरपुढं 'फिट' लिहिलं. शेरा लिहायच्या जागी लिहिलं: कपाळपट्टीच्या नोंदी सदोष, वगळल्या. सरांनी पुढं तो शेरा जसाच्या तसा अहवालात घेतला.

ते तिघं बाहेर पडले. हिरव्या काचेतून बाहेरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी दारात येऊन उभी राहिले. उन्हं कलली होती. गेटाकडं जाणाऱ्या रस्त्यानं ते चालले होते, मधे मुलगी, एका बाजूला तो, एका बाजूला क्रांती. थोडं पुढं गेल्यावर क्रांतीनं न थांबता मुलीचा हात धरून तिला आपल्या पलीकडच्या अंगाला घेतलं आणि स्वतः मधे आली. त्यानं वळून पाहिलं नाही. फक्त त्या दोघींना गाठता यावं म्हणून चाल थोडी कमी केली.